यादीतलं पहिलं नाव

प्रिय सॉरिना,

तू माहेरी सुखरूप पोचल्याचं कळलं आणि जिवात जीव आला. इथे द्राक्षं यंदा लगडली आहेत. तोडायला मात्र आपण नसू.

तू गेल्यावर आठवड्याभरात पोपचा दूत आला. पोटभर जेवला, आपल्या वाइनची तारीफ केली आणि मग यादी पुढे सरकवली. गावातल्या ‘भल्या माणसां’ची चौदा नावं. चर्चला न मानणारी, मांस न खाणारी, सूत कातून जगणारी आपली माणसं. पहिलंच नाव गिलेल्मा दाईचं. “एवढी माणसं द्या, जहागीर तुमचीच राहील. नाहीतर आमची फौज येईल आणि जहागीर जो जिंकेल त्याची.” मी म्हटलं, “आई गेल्यावर या बाईनं मला वाढवलं. तिचा पंथ मला पटत नाही, मी दर रविवारी चर्चला जातो. पण तिला जाळायला कशी देऊ?” तो हसला. “चोविशीतच एवढा हट्ट? तुमच्या चुलतभावानं तर न विचारता त्याच्या गावातली नावं लिहून दिली.”

दाईला कळलं तशी ती तरातरा गढीवर आली. “अरे वेड्या, सत्तरीची म्हातारी मी! माझ्यापायी बापजाद्यांची जमीन घालवतोस? देऊन टाक मला!” मी मान फिरवली, तर तिनं शिपायांदेखत माझा कान पिरगळला. शिपाई हसले, मीही हसलो. खरं सांगतो, तोवर माझं मन डळमळत होतं. चौदा जणांसाठी सगळं गाव पणाला लावायचं का? उत्तर मला अजूनही ठाऊक नाही. फक्त तिला हाताला धरून दूताच्या हवाली करणारा मी, मला डोळ्यांपुढे आणता येईना.

आता फौज नदीपलीकडे उतरली आहे. गावाला हात लावायचा नाही, या अटीवर उद्या सकाळी मी गढीच्या किल्ल्या देतो आहे. मला त्यांच्या कैदेत राहावं लागेल. किती दिवस, ते विचारलं नाही. यादीतले तेरा जण परवाच घळीतून डोंगरात गेले. आपल्या यहुदी वैद्यानं त्यांना वाट दाखवली.

चौदावी हे पत्र घेऊन तुझ्या दारात उभी आहे. तुझे वडील चर्चचे कडवे भक्त आहेत, त्यांना एवढंच सांग, की बाळंतपणाला सासरची दाई आली आहे. फक्त तिचा पंथ त्यांना विचारू देऊ नकोस. ती खोटं बोलणार नाही. मूल तिच्याच हातांत येऊ दे. तुझी सुटका झाली की परत येऊन दूताच्या स्वाधीन व्हायचं, या बोलीवर ती निघाली आहे. सॉरिना, तिला परतू देऊ नकोस.

तुझाच,
गॉसेल्म