संत्र्यात मोटर नसते

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण भाव आडवाच समजावा.) भावोजींच्या गुडघ्यांची चौकशी. नातवंडांपुढे उकिडवं बसून दाखवण्याचा हट्ट त्यांनी सोडला की नाही, तेही कळव. माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य आत्ताच वाचून घे, पुढे त्याचा काही भरवसा नाही.

भुतांच्या सिनेमांचं माझं वेड अजून तसंच आहे. रविवारी जेवणं झाली की पडदे ओढून मी एक लावतो आणि तुझी भावजय 'या वयात लोक चांगलंचुंगलं ऐकतात' असं भिंतीला सांगत दुसऱ्या खोलीत जाते. आता त्यात घाबरण्यासारखं काय असतं? भूत यायच्या आधी व्हायोलिन वाजतं, म्हणजे बिचारं वर्दी देऊन येतं. एवढी शिस्त माझ्या कारागिरांतही नाही. सिनेमातली लिफ्ट आपोआप सहाव्या मजल्यावर थांबते, दार करकरतं, बाई किंचाळते, आणि मी विचारतो, देखभाल कुणाकडे आहे? (माझ्याकडे असती तर ती बाई सुखरूप तळमजल्याला उतरली असती आणि सिनेमा अकरा मिनिटांत आटपला असता.) खरं भयंकर असतं ते साध्या रस्त्यावर. आमच्या कारखान्यासमोरचा कवळीवाला काचेच्या कपाटात तीन डझन हसू वाळत घालतो आणि त्यांच्याच खाली बसून डबा खातो. आपल्या आईने तरी काय केलं? आपले दुधाचे दात पावडरच्या डब्यात जपले, आणि कुठला कुणाचा हे तिला शेवटपर्यंत पाठ होतं. आठवतं ना, आपण शाळा बुडवून दुपारच्या खेळाला जायचो. नावांच्या पाट्या संपायच्या आत तू दोन्ही हातांनी डोळे झाकायचीस आणि 'आता काय झालं रे?' म्हणून मला ढोसत राहायचीस. तो विहिरीतल्या बाईचा सिनेमा तू असा पूर्णपणे माझ्या तोंडून पाहिलास, आणि बाईला दोर मिळाला, ती वर आली, हे ऐकल्यावरच हात काढलेस. सांगायचा मुद्दा, मी कशाला घाबरत नाही असा माझा लौकिक होता. तो गेल्या महिन्यात संत्र्यांनी घालवला.

झालं असं की घरात एक आवाज येऊ लागला. घुस्स, घुस्स, घुस्स. बेअरिंग घासतंय, हे मी झोपेतही ओळखलं असतं. लिफ्टच्या धंद्यात तेलाचा डबा धरणाऱ्या पोरापासून चौदा माणसांच्या मालकापर्यंत मी आलो तो शिकून नव्हे, या दोन कानांवर. आमची रीत तुला ठाऊक आहे: स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानात दाबायची, की आतलं सगळं ऐकू येतं. डॉक्टर नळी लावतात तसंच, फक्त आमचा पेशंट खोटं बोलत नाही. तर फ्रिजला लावला. घुस्स. फ्रिज खोलला. मग धुण्याच्या यंत्राला लावला, तिथेही घुस्स. पाण्याचा पंप, गिरणी, पंखा, सगळे एकाच रोगाने आजारी. आठवड्याभरात घरात फिरणारी वस्तू एकच उरली, तुझी भावजय, आणि तिची फिरण्याची दिशा माहेरची होती. शेवटी इमारतीची लिफ्टच दोषी ठरवून मी ती बंद केली आणि माझ्या सगळ्यात जुन्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने सगळं तपासून सांगितलं की यंत्रं ठणठणीत आहेत. मला आला राग. म्हटलं, तुझे कान गेले, हे बघ, आणि रागाच्या भरात स्क्रूड्रायव्हर समोर मिळेल तिथे टेकवला. घुस्स, घुस्स. म्हटलं, ऐक, इथेसुद्धा येतोय. तो फार हळू आवाजात म्हणाला, "मालक, ती संत्र्यांची टोपली आहे. संत्र्यात मोटर नसते."

मी हसलो. तो हसला नाही. त्याला सोडायला खाली गेलो आणि चार मजले चढून परत आलो (लिफ्ट मीच बंद केलेली), तर तिसऱ्या मजल्यावर आवाजानेही वेग घेतला. मी कठड्याला टेकलो, तोही मंदावला. ताई, एवढे सिनेमे पाहिले, पण इतका गार कधी पडलो नव्हतो. त्याला व्हायोलिन नव्हतं, वर्दी नव्हती. बाहेर लख्ख ऊन, शेजारीण कपडे वाळत घालतेय, आणि मी माझ्याच मनगटावर बोट ठेवून मोजतोय. घासत होतो तो मी. कानात मूठ दाबून मी प्रत्येक वेळी स्वतःलाच ऐकत होतो, आणि त्यापायी निरपराध फ्रिज खोलून ठेवला.

डॉक्टरांकडे गेलो. टेबलावर प्लास्टिकचं अर्धं डोकं, त्याच्या कानाच्या भोकात दोन पेनं खोचलेली, शेजारी बिस्किटं. म्हणाले, मानेतली रक्तवाहिनी कदाचित अरुंद झाली असेल, बघावं लागेल. गळ्यावर यंत्र फिरवतात, ते पडद्यावर दाखवतात, आवाजही मोठा करून ऐकवतात. म्हणजे सिनेमाच, पण मीच त्यात. दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा पुकारा झाला तेव्हा गाडी आडवी लावली आहे म्हणून उठलो (गाडी घरी होती). दुसऱ्यांदा नर्सबाई दारात येऊन विचारू लागल्या तेव्हा मीच त्यांना सांगितलं की हे गृहस्थ आत्ताच बाहेर पडले, आणि त्या गृहस्थांच्या मागोमाग बाहेर पडलो.

बाकी सर्व ठीक. लिफ्ट सुरू केली आहे, शेजारी अजून जिन्यानेच जातात. संत्री खाऊन टाकली. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. मंगळवारी अकराला पुन्हा बोलावलंय. शेजारी एका माणसाला बसू देतात. तू ये. मी डोळे मिटीन, तू बघ आणि सांग. भावोजींना सांग की भावाकडचे पडदे निवडायला जातेय. इकडे कुणाला काही माहीत नाही.

ता. क. २ पाकीट शोधताना हिने पत्र वाचलं. म्हणते, मला संत्र्यांच्या दिवशीच कळलं होतं, मंगळवारची वेळ मीच मागून घेतली आणि मीही येणार. येऊ दे. पण तू यायलाच हवंस, कारण ही खरं सांगते.

ता. क. ३ त्या विहिरीतल्या बाईला दोर मिळाला नव्हता, ताई. मंगळवारी तूही मला तसंच सांग.