हँडल तुझ्याकडेच राहू दे

थॉर्नकोम, १४ नोव्हेंबर १९११

प्रिय अँब्रोजदादा,

तुझा खोकला आता कसा आहे? इथं सगळं ठीक. सफरचंदांचा मुरांबा झाला, मांजरी पुन्हा व्यायली.

तू गेलास आणि मोटारीचं हँडल सापडेना. ते पुढून फिरवल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, म्हणून मी शेड पालथी घातली. पितळी दिवे जागेवर, भोंगा जागेवर, हँडल तेवढं गायब. मग आठवलं, निघताना तू तुझी बॅग कुणाला उचलू दिली नव्हतीस.

बाईनं मोटार हाकणं शोभत नाही, असं तू चारचौघांत म्हणतोस. खरं कारण आपल्या दोघांना माहीत आहे. या मोटारीतून मी डॉर्कसकडे जाते. गाड्यांची चाकं करणाऱ्या सुताराशी लग्न केलं म्हणून तू पोटच्या पोरीचं नाव टाकलंस. मी का टाकू?

गेल्या आठवड्यात एका दुपारी तिचा नवरा धापा टाकत आला. डॉर्कस बाळंतपणात अडली होती, शहरातून डॉक्टर आणायला हवा होता. मला रडूच फुटलं. तेवढ्यात पाववाल्या मिसेस ट्रँटर ओरडल्या, "लेटिसबाई, रडताय काय! चाक धरा, ढकलायला आम्ही आहोत!"

"अहो, हँडलच नाही!"

"मग समोरचा उतार काय गोट्या खेळायला दिलाय देवानं?"

सगळी गल्ली मागे लागली. तुझे बुद्धिबळातले सोबती पाद्रीबुवासुद्धा कोट काढून आले. उतारावर वेग आला तसा मी गिअर टाकला आणि इंजिन खोकत सुरू झालं. पाद्रीबुवा चिखलात पालथे! धुकं दाट होतं. कार्बाइडवर पाणी सोडून निघणाऱ्या गॅसवर दिवे आधीच पेटवले होते. डॉक्टरांच्या दारातही इंजिन बंद केलं नाही.

नंतर डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता, तर आई नाही आणि बाळही नाही."

दादा, मी रागावले आहे, फार रागावले आहे. तुझ्या बॅगेतल्या त्या लोखंडापायी आज तुला वेगळंच पत्र लिहावं लागलं असतं.

लोहाराकडून मी नवं हँडल करून घेतलं. रोज जाते, भर बाजारातून, भोंगा वाजवत. तुला यायचं असेल तर कळव. स्टेशनवर मोटार आणीन. तू शेजारी बसायचंस, चालवणार मीच.

तुझी बहीण
आणि तुझ्या नातीची आत्येआजी,
लेटिस