लागोपाठच्या दोन ओळी

रत्नागिरी,
फेब्रुवारी १९८८

प्रिय सदू,

कामावरून काढलं म्हणून मुंबईला मामांकडे जाऊन तोंड लपवून बसलास, त्याला चार महिने झाले. एक कार्ड नाही. नीट जेवतोस ना मेल्या, एवढं तरी कळव. इकडे आई बरी आहे. फणसाला कुयऱ्या धरल्यात.

कारखान्यातला कॉम्प्युटर आता माझ्याकडे दिलाय. शीतगृहाच्या दोन्ही खोल्यांतून त्याच्याकडे सारखे निरोप येतात. वेळ, खोली, काय झालं, तापमान, आणि मध्ये स्वल्पविराम. येतील तसे तो एकाखाली एक छापतो. गठ्ठेच्या गठ्ठे! वाचून वाचून डोळे गेले, तेव्हा मी एक प्रोग्राम लिहिला. स्वल्पविराम दिसला की तो ओळ तोडतो, आणि बायका कोळंबी निवडून लहानमोठी वेगळी टाकतात तसे एकेका खोलीचे निरोप वेगळे लावतो. काशीरामशेट खूश. त्यांना वाटलं, आता एक कारकून कमी करता येईल.

प्रोग्राम चालतो का बघायला जुने निरोप घालायचे होते. मी मुद्दाम त्याच दिवसाचे घातले, तुझ्या खोलीतली कोळंबी खराब झाली त्या दिवसाचे. शेटनी सगळ्यांदेखत कागद नाचवला होता, आठवतं? वर ‘दार उघडं’, खालीच ‘तापमान वाढलं’. सदूनं दार उघडं टाकलं, झालं! अरे, दाराचा निरोप दुसऱ्या खोलीचा होता. तुझं दार बंदच होतं, बंद पडलं होतं ते मशीन. आवाज करतंय, दुरुस्त करा म्हणून तू ज्याच्यासाठी ओरडत होतास, तेच. दोन ओळी लागोपाठ आल्या, म्हणून दोन्ही एकाच खोलीच्या धरल्या. खोलीचा आकडा कुणी वाचलाच नाही. मला असा संताप आला की कागद घेऊन तशीच उठले.

शेटना दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, आणि सोमवारपासून तुला पाठवून दे म्हणाले. चूक झाली असं मात्र चारचौघांत सांगणार नाहीत. मी म्हटलं, मग सदू येणार नाही.

तुला न विचारता हे बोलून बसले, म्हणून हे पत्र. नोकरी हवीच असेल तर तार कर, मी जाऊन शब्द मागे घेईन. जड जाईल, पण घेईन. नको असेल तरी इकडे ये. कारखान्यानं तुला काढलं रे, आम्ही नाही.

तुझीच, अजून रागातली,
राहीताई