थळचे पाहुणे येण्याआधी

४ जाने., शनि.
काल वडखळ नाक्यावर उभा राहिलो आणि पेण कुठल्या बाजूला तेच आठवेना. तीस वर्षं याच रस्त्यावर ट्रक चालवला. पानवाल्याला विचारलं. तो हसला, त्याला वाटलं मी प्यालोय. जाऊ दे.
आज अलिबागला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे म्हणाल्या. बायको सुमन रडली. मी नाही.

६ जाने., सोम.
डॉ. बाईंनी सांगितलं ते विसरायच्या आत लिहितो. दिवसभर मेंदूत कचरा साचतो. गाढ झोपेत मेंदूभोवतीचं पाणी आत फिरून तो वाहून नेतं. झोप मोडत राहिली की सफाई अर्धवट. त्याचा या आजाराशी संबंध दिसतोय.
"रात्री गाडी चालवली म्हणून झालं?"
"ठामपणे नाही सांगता येत."
झोपेत माझा श्वास अडकतो, त्यासाठी मशीन दिलंय. गेलेलं परत येईल असं समजू नका, हेही तोंडावर सांगितलं. बाई आवडल्या.

११ जाने., शनि.
मशीनवर पाच रात्री. घोरणं बंद. सुमन म्हणते, आता तुमचा आवाज नाही म्हणून मलाच झोप लागत नाही.
ट्रक चालवणं बंद केलं. कुणी सांगायच्या आधी, मीच.

१५ जाने., बुध.
आमच्या प्रियाला बघायला रविवारी थळहून पाहुणे येणार. मोठा भाऊ म्हणाला, "तू आत बस. ताप हाय म्हणून सांगू."
"खोटं कशाला?"
"पोरीचं लगीन मोडंल."
"डोकं माझं बिघडलंय, पोरीचं न्हाय."
सुमन गप्प. तेच जास्त लागलं.

१९ जाने., रवि.
इस्त्रीचा शर्ट घालून पुढेच बसलो. चहा झाल्यावर स्वतःच सांगितलं, मला काय झालंय ते. मधेच नवऱ्या मुलाचं नाव विसरलो. त्यालाच परत विचारलं. त्याने सांगितलं.
मग मुलाच्या आईने विचारलं, "हे पोरीला पण होईल काय?"
"मला ठाऊक न्हाय. डॉक्टरांना विचारून सांगतो."
प्रिया उठून माझ्या शेजारी येऊन बसली. पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले. दादा न जेवता गेला.

२३ जाने., गुरु.
थळहून फोन नाही. दादा म्हणतो, "झालं समाधान?" झालं.
डॉ. बाईंना विचारलं. घरात एकाला हा आजार असला तर दुसऱ्याला धोका थोडा वाढतो, होईलच असं नाही. कागदावर लिहून घेतलं.
उद्या एसटीने थळला जाणार. सुमन आज पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली, "मी पण येते."
मुलाच्या आईला उत्तर द्यायचं राहिलंय. नकार द्यायचाच असेल तर त्यांनी माझ्यासमोर द्यावा.