हनुवटीवरचा फेस

७ जानेवारी, मंगळवार

कापलं! हनुवटीखाली, बरोबर जिथे केस सगळ्यात दाट आहेत तिथेच. कापूस सापडेना, शेवटी बाबांची तुरटी घासली — आई गं, काय झोंबली! रेझर बाबांचा, ब्रश बाबांचा, तुरटीही बाबांची. सरळ सरळ चोरी. क्लिनिकमध्ये दिवसभर मास्क असतो म्हणून वाचले. दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसण्याचा तेवढा एक फायदा.

व्हिडिओमधला माणूस तर पावाला लोणी लावल्यासारखा फिरवत होता. माझंच काय चुकतंय?

८ जानेवारी

परत कापलं. दोन ठिकाणी. वैताग!

९ जानेवारी

लिहूनच टाकते, म्हणजे डोकं हलकं होईल.

कॉलेजपासून हनुवटीवर केस येतात. पीसीओडी. गोळ्या चालू आहेत. दर पंधरवड्याला कल्पिताच्या पार्लरमध्ये वॅक्स — गेल्या महिन्यात कातडी भाजली, पुळ्या आल्या, त्यात पू झाला. स्किनच्या मॅडम ओरडल्याच. "उपटणं बंद, वॅक्स बंद. भरपूर फेस कर, एकाच ब्लेडचा रेझर घे आणि सरळ दाढी कर. त्याने केस जाड होत नाहीत, हे मी रोज कुणा ना कुणाला सांगते." दाढी! मी! तिथे हसले आणि कळव्यापर्यंत रिक्षात रडत आले.

आईला सांगितलं तर ती हादरलीच. "बाईच्या जातीने तोंडाला ब्लेड लावायचं? लग्न तोंडावर आलंय! खुंट येतील नुसते. हळदीला बायका गालाला हात लावतील तेव्हा काय सांगशील?" मग आवाज खाली आणून — "साईनाथला बोलू नकोस हं. एकदा लग्न होऊ दे."

साईनाथ डोंबिवलीचा. साखरपुडा झालाय, लग्न मार्चमध्ये. मला तो आवडतो, तिथेच तर सगळा घोळ आहे. सांगितलं आणि गेला तर? आणि नाही सांगितलं तर काय, जन्मभर त्याच्याआधी उठून, कडी लावून, नळ सोडून लपत दाढी करायची?

१२ जानेवारी, रविवार

पकडले गेले!

बाबांनी बाथरूमचं दार वाजवलं. "समीक्षा, ब्रश ओला कसा रोज? आणि परवाच घातलेलं ब्लेड बोथट कसं झालं?" माझ्या तोंडाला फेस. आता काय लपवणार? उघडलं दार. त्यांनी बघितलं आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं.

तर स्टूल घेऊन परत आले! मला बसवलं, आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बोलायला लागले. माझ्याकडे बघेनातच. आमच्या बाबांना इतकं लाजलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

"आधी गरम पाण्यात पंचा पिळून धर. घाई कसली आहे?"

"दाबतेस तू. दाबायचं नाही. त्याला स्वतःचं वजन आहे, तेवढं पुरतं."

"बोट फिरवून बघ, केस कुठल्या बाजूला झोपतात ते. त्याच बाजूने ने."

माझे डावीकडे झोपतात! इतकी वर्षं त्यांच्याशी भांडतेय आणि हे कधी बघितलंच नव्हतं.

कुठेच कापलं नाही. एवढंसंसुद्धा नाही. मी बाबांचा हात ओढून माझ्या हनुवटीला लावला. ते "बरं बरं, छान" म्हणत पेपर आणायला पळाले. पेपर तर घरातच होता.

१४ जानेवारी, संक्रांत

आईने तिळगूळ दिला, पण गोड बोलली नाही. बाबांना म्हणते, "तुम्ही तिला मुलगाच करून टाका आता!" बाबा लाडू चावत बसले. बिचारे.

१७ जानेवारी

बाबांनी नौपाड्यातून नवीन रेझर आणला. आणि ब्रश. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "माझा मला लागतो." बस, एवढंच.

२१ जानेवारी

आज पोह्यांच्या वेळी बाबा सहज विचारून गेले, "दाढी झाली का गं?"

मग मला जे हसू फुटलं! बाबा हसता हसता खोकायला लागले. आईने कढई आपटली. पण मी बघितलं, पाठ करून तीही हसत होती.

पुळ्या बसल्या. किती तरी दिवसांनी आरशासमोर दोन मिनिटं जास्त थांबले, उगीचच.

२५ जानेवारी, शनिवार

ठरलं. काल आणि आज दाढी केली नाही, मुद्दाम. उद्या ठाण्यात तलावपाळीला साईनाथ भेटणार आहे. नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं. त्याला जायचं असेल तर लग्नाआधी जाऊ दे.

तिथे पोचेपर्यंत मात्र मास्क लावूनच जाणार.

२६ जानेवारी

सांगितलं.

"मी दाढी करते," म्हटल्यावर तो खो खो हसला. मग मी मास्क खाली केला. हसणं बंद. नीट बघितलं त्याने, आणि म्हणाला, "अच्छा." मग मला रिक्षात बसवलं, "पोचलीस की मेसेज कर." मी केला. त्याने अंगठा पाठवला.

अंगठा!!

२८ जानेवारी

फोन नाही.

आईने ओळखलं. "सांगितलंस ना त्याला?" म्हणाली आणि देवघरापुढे जाऊन रडत बसली. "मोडलं तर मी तोंड कुठे लपवू?" मी म्हटलं, मी इतकी वर्षं लपवतेच आहे की गं! तशी ती माझ्याकडे बघतच राहिली. बाबा दोघींना चहा देऊन गेले.

मीच मूर्ख. आईचं ऐकलं असतं तर?

३० जानेवारी

फोन आला! साईनाथचा!

"सॉरी यार. मला वाटलेलं तुला काहीतरी मोठा आजार आहे. तीन दिवस नुसता मोबाइलवर वाचत बसलेलो. कुणाला विचारू तेपण कळेना — तुझी गोष्ट, मी दुसऱ्याला कशी सांगणार?"

मी रडतेय म्हटल्यावर अजूनच गडबडला. "अगं रडू नको ना! मला फक्त एक सांग, तू हे सांगायला किती दिवस घाबरत होतीस?" मी म्हटलं, साखरपुड्यापासून. मग म्हणाला, "रविवारी ये. आणि मास्क नको लावू."

बाबांनी ऐकलं आणि जिलबी आणायला चप्पल घालून निघाले. आई हलेना. "काय म्हणाला? शब्द न् शब्द सांग." सांगितलं. परत सांगायला लावलं. "खरंच बघितलं त्याने? जवळून? उजेडात?"

हो गं बाई, भर उजेडात!

३ फेब्रुवारी, सोमवार

काल मास्क न लावता साईनाथला भेटून आले, लग्न मार्चमध्येच. आज सकाळी बाबा दूध आणायला गेलेले. मी मगात ब्रश फिरवत होते, तर आई आत आली आणि तिने कडी लावली. पदराने स्वतःच्या हनुवटीवरची पावडर खसाखसा पुसली आणि तोंड खिडकीकडे केलं.

"लग्नाच्या आधीपासून चिमट्याने उपटतेय. तुझ्या बाबांना अजून माहीत नाही."

मग डोळे गच्च मिटून स्टुलावर बसली. म्हणाली, "लाव फेस."