कूलंट घातलं होतं

२ जुलै. कोरिएन्तेस.
उद्या पहाटे पाचला निघायचं. पक्कं. रिओ गाशेगोस इथून तीन हजारांवर किलोमीटर, देशाच्या पार दक्षिण टोकाला. १६ तारखेला तिथे ओफेलियाचं, म्हणजे माझ्या मेहुणीचं, हृदयाचं ऑपरेशन. आपण दोन दिवस आधीच पोचू.
बायको, डेल्मिरा, म्हणत होती बसने जाऊ. मी समजावलं की बसमध्ये माणूस नुसता पोचतो, आपल्या व्हॅनमध्ये माणूस प्रवास करतो. ती म्हणाली, मला पोचायचंच आहे. तिला मुद्दा कळला नाही.
एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दक्षिणेचा नकाशा डोळे मिटून काढतो. रस्ता मी ठरवीन.
दक्षिणेच्या थंडीत रेडिएटरातलं पाणी गोठू नये म्हणून डेल्मिराने कूलंटचे दोन डबे आणून ठेवलेत. घडीच्या खुर्च्या पलंगाखाली ठेवल्यावर डब्यांना जागा उरत नाही. डबे व्हरांड्यात ठेवले. ही गाडी वीस वर्षं नळाच्या पाण्यावर चालली आहे. आज दुपारी २६ डिग्री, आणि म्हणे जुलै म्हणजे हिवाळा.

३ जुलै. सकाळी ११.४०.
निघालो. डेल्मिराने विचारलं, एवारिस्तो, कूलंट घातलंस का. घातलं म्हणालो. वाटेत कुठेही मिळतं. म्हणजे हे खोटं नाही, फक्त जरा आधी सांगितलं.

६ जुलै.
किनाऱ्याचा सरळ रस्ता सोडून डोंगराकडचा चाळीस नंबरचा घेतला. देखावा उत्तम. डेल्मिरा देखाव्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघते.
दोघी बहिणी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. आता ओफेलियानेच फोन केला. भांडण त्यांच्या आईवरून. म्हातारीच्या छातीत दुखायचं, ओफेलिया म्हणत होती ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. मी म्हणालो, गॅस आहे. डेल्मिराने माझं ऐकलं. म्हातारी तीन दिवसांत गेली. उपलब्ध माहितीनुसार माझा सल्ला योग्यच होता. हे ओफेलियाला कुणीतरी शांतपणे समजावायला हवं. ऑपरेशननंतर बघू.

९ जुलै.
स्वातंत्र्यदिन. एका ढाब्यावर मक्याचं गरम लोक्रो दोन-दोन वाट्या. बाहेर उणे चार.
पेट्रोल पंपावरचा माणूस खिडकीतून वाकून म्हणाला, आजोबा, रेडिएटरात कूलंट आहे ना? इथे बाहेर ठेवलेली पाण्याची बाटली सकाळी फुटलेली असते. त्याच्या मागे फळीवर डबे रांगेने होते. पण डेल्मिरा शेजारीच बसली होती. मागितला असता तर तिला नाहक शंका आली असती. आहे म्हणालो.
संकल्प: उद्या ती अंघोळीला गेली की गुपचूप घ्यायचा.

१० जुलै. एस्केल.
ती अंघोळीला गेली नाही. म्हणाली, या थंडीत कोण अंघोळ करतं.

११ जुलै.
दुपारपासून हीटरमधून गार वारा येतो, आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र लालजवळ. बाहेर नदी गोठलेली. डेल्मिरा म्हणाली, नदीचा बर्फ झालाय आणि आपलं इंजिन उकळतंय, हे कसं? काटा बिघडला आहे, म्हणालो. काच पुसायच्या फडक्याने काटा झाकला. मन एकदम शांत झालं. तिने एक ब्लँकेट पायावर घेतलं, दुसरं अंगावर.

१२ जुलै. रिओ मायोच्या अलीकडे. सकाळी ८.
उणे एकोणीस. व्हॅन सुरू केली तर डुक्कर ओरडावं तसा आवाज. मग रबर जळल्याचा वास. मग आवाज थांबला. बेल्ट तुटल्याने थांबला, हे नंतर दिसलं.
घाबरायचं कारण नाही. बर्फ म्हणजे थंड झालेलं पाणी, त्याला उष्णता द्यायची, साधं शास्त्र. माते या आमच्या कडू चहासाठी उकळलेली अख्खी किटली इंजिनावर ओतली. आतून टक् असा आवाज आला. धातू सैल होत असावा.

त्याच दिवशी, दुपारी.
लोकरीच्या ट्रकने ओढून गावात आणलं. ट्रकवाल्याने बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, काका, एवढा बर्फ आहे तर बाटली काढा, थोडी थोडी घेऊ. डेल्मिरा हसली नाही. मीही नाही.

१३ जुलै.
मेकॅनिकचं नाव लिसान्द्रो न्यांकुपेल. शेडमध्ये लाकडाची भट्टी, तिच्याजवळ व्हॅन, वर ताडपत्री. म्हणाला, उकळतं ओतून घाई करायची नसते, हळूहळू सुटू द्यायचं. हे त्याने मला उद्देशून म्हटलं असं वाटत नाही.
अकराच्या सुमारास इंजिनाच्या कुशीतून पाणी गळू लागलं. आत पाणी गोठलं की फिरत नाही, म्हणून इंजिन तापतं; आणि ते फुगतं, त्याने बाजूची पत्र्याची झाकणं बाहेर ढकलली होती. न्यांकुपेलने ओंजळ धरली. कूलंट हिरवं असतं नाहीतर लाल, तो म्हणाला. मास्तर, या पाण्यात तर बाळाचा बाप्तिस्मा करता येईल.
मग ऑइलची कांडी काढून दाखवली. ऑइलमध्ये पाणी मिसळून रंग दुधाच्या कॉफीचा. ब्लॉकला वीतभर भेग. हे इंजिन आता उठणार नाही.
डेल्मिरा दारात उभी होती. म्हणाली, तू घातलं होतंस ना? मी बाष्पीभवनापासून सुरुवात केली. ती ऐकायला थांबली नाही, व्हॅनमध्ये जाऊन बॅग भरू लागली.

१४ जुलै.
सव्वासातच्या मिनीबसने डेल्मिरा गेली. कोमोदोरोला बस बदलून उद्या सकाळी रिओ गाशेगोस. मिनीबसमध्ये दोन जागा होत्या. गाडीपाशी कुणीतरी राहायला हवं असं मी म्हणालो. राहा, ती म्हणाली. दोघांनी मिळून घेतलेला निर्णय.
नऊ वाजता माझ्या फोनवर ओफेलियाच्या शेजारणीचा फोन. रात्रीपासून ओफेलियाची तब्येत उतरली, म्हणून ऑपरेशन आजच, आता आत नेताहेत. तिच्याशी कुणी बोलणार का? डेल्मिरा तर बसमध्ये, त्या पट्ट्यात फोन लागत नाही. मी बोलू शकलो असतो. म्हणालो, लाइन नीट नाही.
लाइन चांगली होती.

१५ जुलै.
डेल्मिराचा फोन. ओफेलिया अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. आत नेईपर्यंत ती शेजारणीला विचारत होती, बहीण आली का, बहीण आली का. डेल्मिराने हे सगळं बाजारभाव सांगावेत तशा आवाजात सांगितलं. इथे ऊन पडलंय, म्हणालो. तिने फोन ठेवला.

१६ जुलै.
शेडमधल्या बाकावर झोपतो. व्हॅनमध्ये आता जाववत नाही.
न्यांकुपेलने मातेचा पेला पुढे केला आणि विचारलं, मास्तर, रागावू नका, पण का नाही घातलं? जागा नव्हती म्हणालो. घडीच्या खुर्च्या होत्या. त्याने भट्टीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाला, बसलात का खुर्च्यांवर? नाही म्हणालो. बाहेर फार थंडी होती.

१७ जुलै.
फोन नाही. मी तीनदा लावला. उपलब्ध माहिती काही नाही.

१८ जुलै.
ओफेलिया काल संध्याकाळी शुद्धीवर आली. डेल्मिराला पाहून म्हणाली, केस पिकले गं तुझे. दोघी रडल्या म्हणे.
आज ओफेलिया स्वतः फोनवर आली. आवाज अगदी बारीक. म्हणाली, एवारिस्तो, आईच्या वेळीही तू असंच छातीठोक सांगितलंस. उत्तर तयार होतं, अकरा वर्षांचं. ते दिलं नाही. म्हणालो, चुकलं. दोन्ही वेळा. डबे घरी व्हरांड्यात आहेत. पलीकडे डेल्मिरा ऐकत असावी, कारण श्वास दोन होते. मग ओफेलिया म्हणाली, दमले आता, हिच्याशी बोल.
डेल्मिराने विचारलं, मिनीबस किती वाजता असते. सव्वासात म्हणालो. ओफेलियाच्या घरातले पाइप गोठलेत, तिने सांगितलं. मी म्हणालो, पाइपांचं अगदी सोपं असतं, आधी... ती म्हणाली, तू ये, पण नळ, पाइप, बॉयलर, कशालाही हात लावायचा नाही. प्लंबर सोमवारी येतोय. तोवर तू शेजारणीकडून पाणी वाहायचंस.
शेजारीण तळमजल्यावर. ओफेलिया तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.