पुढच्या तळ्यावर

दादा,

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते. बाबांना कॅम्पर व्हॅनमधून डोंगरात नेऊ नकोस, असं तू बजावलं होतंस. मी हट्टाने नेलं.

पहिल्याच तळ्यावर ते परत गाडीत बसेनात. "तुझ्या आईला सोडून निघायचं?" आई गेल्याचं सांगितलं की ते दर वेळी नव्याने रडतात. मी थाप मारली, "ती पुढच्या तळ्यावर थांबलीय." लगेच चढले. पाच तळी असंच निभावलं.

आज गरम पाण्याच्या कुंडापाशी रस्ताच संपला. बाबा पाण्यात पाय सोडून बसलेत. शेजारच्या दगडावर कोरडा टॉवेल ठेवलाय, तिथे कुणाला बसू देत नाहीत.

आत्ताच म्हणाले, "पाणी छान आहे गं. हाक मार तिला."

तुझी,
धाकटी